चांगुणाबाईच्या घरची तपासणी

नाशिकहून निघताना माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, गोळ्या, टॉर्च आणि पाण्याची बाटली. दुसरीत चांगुणाबाईचं प्रकरण. पहिली मी वरच्या फळीवर टाकली. दुसरी कल्याण येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. समोर बसलेल्या बाईंनी दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "जोखमीचं आहे का काही?"

"कागद आहेत," मी म्हटलं.

"मग झोपा की निवांत. कागद कोण चोरतंय?"

मला झोप लागणार नव्हती. आमची संस्था लहान आहे. गरीब कुटुंबांसाठी असलेल्या योजना त्यांच्यापर्यंत का पोहोचत नाहीत, हे घरोघरी जाऊन विचारायचं, नीट लिहायचं आणि ते लिहिलेलं घेऊन कार्यालयांचे उंबरे झिजवायचे, हे आमचं काम. यंदा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा पट्टा माझ्याकडे होता. चांगुणाबाई त्या पट्ट्याच्या अगदी टोकाला, चामटोलीच्या वर डोंगरकडेच्या उंबरवाडीत राहते. नवरा गेलेला, दोन्ही लेकी लग्न होऊन दूर. कुडाचं घर, त्याची मागची भिंत बाहेर झुकलेली आणि तिला झाडाच्या खोडाचा टेकू. घरकुलासाठी तिने अर्ज केला होता. तपासणी झाली आणि शेरा आला, "घरात पुरेशा सोयी आढळल्या."

आमची तिथली कार्यकर्ती करुणा हिने मला त्या घराचे फोटो पाठवले होते. एक चूल, चार भांडी, दोरीवर दोन लुगडी. सोयी कुठल्या? मी तेव्हाच ठरवून टाकलं की तपासनीस चुकीच्या घरात गेला. वाडीत घरं एकासारखी एक, दारावर नंबर नाही, असं होतं. पत्रं लिहून, फोन करून मी फेरतपासणी मिळवली. ती बुधवारी होती. या खेपेला नाकारलं तर प्रकरण बंद, असं कार्यालयाने कळवलं होतं. आणि ती भिंत आणखी एक पावसाळा काढेल असं करुणाला वाटत नव्हतं.

म्हणून वाडीचा हाताने काढलेला नकाशा, शेजाऱ्यांचे जबाब आणि घराचे चारही बाजूंचे फोटो असं सगळं पिशवीत होतं. घर चुकलं होतं हे सिद्ध करायची माझी पूर्ण तयारी होती.

कल्याणला उतरून रिक्षाने उल्हासनगर गाठलं. उल्हासनगरात आपण कुठे आहोत हे गल्लीच्या नावावरून नाही, कॅम्पच्या नंबरावरून सांगतात. मला चार नंबरच्या कॅम्पात जायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाची, फर्निचरची, मिठाईची दुकानं, एकाच्या पाटीवर दुसऱ्याची पाटी. मराठी, सिंधी, हिंदी एका वाक्यात ऐकू येतात आणि कुणाचं काही अडत नाही.

लताबाई पहिल्या मजल्यावर एका खोलीत राहते. घरी बसून जीन्सचे जादा धागे कापायचं काम करते. आमच्या अभ्यासासाठी तिच्याशी बोलायचं होतं. दार उघडून ती हसली आणि म्हणाली, "दोन मिन्टं थांबा हां ताई," आणि दार परत लावलं. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग तिने मला आत घेतलं. पलंगावर घडी न मोडलेली नवी चादर होती. पलंगाखालून एका पँटची निळी तंगडी बाहेर डोकावत होती.

"काम कुठे आहे तुमचं?" मी विचारलं. मला ते बघायचंच होतं.

"ठेवलं आत. तुम्ही आलात आणि घरात धाग्यांचा कचरा? बरं दिसतं का?"

"पण मी तेच बघायला आलेय."

"बघाल हो. आधी पाणी तर प्या."

मी पाणी प्यायले, प्रश्न विचारले, उत्तरं लिहिली. बोलता बोलता तिचा हात पलंगाखाली गेला, एक पँट मांडीवर आली आणि छोट्या कात्रीने ती धागे कापायला लागली. मग तिचं बोलणं एकदम मोकळं झालं. कंबर किती दुखते, सेठ माल कधी उशिरा पाठवतो, डोळ्यांपुढे संध्याकाळी निळं कसं दिसतं. मला ते सगळं उपयोगाचं होतं. नव्या चादरीबद्दल मात्र मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

खाली उतरून जबाबांच्या आणखी प्रती काढायला एका दुकानात शिरले. दुकानदार वयस्क सिंधी गृहस्थ. मी घाईत आहे हे त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी आतून एक ताटली मागवली. त्यात भाजलेला पापड आणि बाजूला पाण्याचा ग्लास.

"बैठो अदी," (मोठ्या बहिणीला अशी हाक मारतात) ते म्हणाले. "मशीन गरम हो रही है. आमच्याकडे कोणी आलं तर पहले पापड-पाणी. मग धंदा."

"मला अंबरनाथला जायचंय हो."

"अंबरनाथ कहीं भागून जातंय का?"

पापड संपेपर्यंत त्यांनी मशीनला हात लावला नाही.

अंबरनाथ पूर्वेला करुणाकडे पोचले तेव्हा दिवस कलला होता. करुणा एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी आमचं काम. त्या आठवड्यात तिने दोन दिवसांची रजा टाकली होती. दारात तिच्या आईने "जयभीम" म्हणून माझ्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि मी ती पिशवी घट्ट धरली. माऊलीने हात मागे घेतला. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली करुणाच्या पदवीचा फोटो. जेवताना मी उद्याचा क्रम सांगत होते. सकाळी निघायचं, साहेबाच्या आधी पोचायचं, त्याला दारातच गाठायचं, नकाशा दाखवायचा, मग घर.

"आणि चांगुणाबाई काय करणार?" करुणाने विचारलं.

"तिने काही करायचं नाही. घर आहे तसं दाखवायचं."

करुणाची आई ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "घर आहे तसं कोण दाखवतं, बाई? आम्ही चाळीत होतो तेव्हा शाळेचे गुरुजी येणार म्हटलं की मी आदल्या दिवशी भिंतीला चुना मारायची. शेजारणीची कपबशी आणायची. लोक आधीच नाकं मुरडायला टपलेले असतात. आपण त्यांच्या हातात कोलीत का द्यायचं?"

"पण आई, इथे घरच मिळायचंय," करुणा म्हणाली.

"मिळू दे की. घर मिळायला घाण कशाला दिसायला पाहिजे?"

मी विषय बदलला आणि उद्या रिक्षा किती वाजता मिळेल ते विचारलं.

सकाळी निघालो. इथवर येऊन अंबरनाथचं देऊळ न बघता गेले असं सांगितलं तर नाशिकचे लोक मला वेड्यात काढतील, पण खरंच नाही बघितलं. माझं लक्ष घड्याळावर होतं. बदलापूरला उतरलो. जिकडे बघावं तिकडे इमारती, आणि जिथे इमारत नाही तिथे इमारतीची जाहिरात. स्वप्नातलं घर, हक्काचं घर, डोंगराच्या कुशीतलं घर. करुणाने एका फलकाकडे बोट दाखवलं. त्यावर एक गोरी बाई गॅलरीत उभी राहून चहा पीत होती आणि मागे डोंगर होता.

"तो बघा आपला डोंगर," करुणा म्हणाली. "चांगुणाबाई त्याच्याच कुशीत आहे."

रिक्षावाल्याने चामटोलीच्या पुढे यायला नकार दिला. "आगे रस्ता कच्चा हाय मॅडम. गाडी खालून लागते. मग तुम्ही मला घरकुल देनार का?" आम्ही कुठे आणि कशाला चाललोय हे त्याने आमच्या बोलण्यावरून ओळखलं होतं.

पुढे पायवाट. शेतं कापून मोकळी झालेली, बांधावर पळस फुललेला, आणि एका खळ्यात मोहाची फुलं वाळत घातलेली. त्यांचा गोडसर आंबूस वास बराच वेळ बरोबर आला. चढ सुरू झाला तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पिशवीत सुई-दोरा होता, पण थांबायला वेळ नव्हता. करुणाने आपल्या ओढणीच्या कडेची चिंधी फाडून तो बांधून दिला. चढाच्या माथ्यावर तिने फोन बघितला.

"कुणाला फोन करायचाय का? इथे शेवटची रेंज. खाली वाडीत काही लागत नाही."

मला कुणाला करायचा नव्हता. साहेब निघालेत का, एवढंच कळायला हवं होतं, आणि ते कोण सांगणार?

वाडीच्या अलीकडे आम्हाला एक मिरवणूक भेटली. मला खरंच तसं वाटलं. पुढे एक बाई डोक्यावर प्लास्टिकची लाल खुर्ची उलटी घेऊन, तिचे चार पाय वर. मागे दोन माणसं खाट धरून. त्यांच्या मागे एकाच्या खांद्यावर टेबलफॅन, आणि दोघी मिळून एक लहान पत्र्याचं कपाट आडवं उचलून, दर दहा पावलांनी टेकवत.

"लग्न आहे का वाडीत?" मी विचारलं.

खुर्चीवाली बाई थांबली. ही पदीबाई, चांगुणाबाईची शेजारीण. "लगीन कसलं? चांगुणीकडं साहेब येनार नं आज. त्याला काय भुईवर बसवनार?"

मी करुणाकडे पाहिलं. करुणाने डोळे मिटून घेतले होते.

"मागच्या वेळी साहेब आले तेव्हापण हे सगळं नेलं होतं?" मी विचारलं.

"नेलं नं. तवा फॅन नव्हता. तो आमच्या भावानं नवा घेतला. तवा रेडिवो होता, म्हाद्याचा."

साहेब चुकीच्या घरात गेलाच नव्हता. बरोबर घरात गेला होता. सगळ्या वाडीने मिळून ते घर त्याच्यासाठी सजवलं होतं. माझा नकाशा, माझे जबाब, चारही बाजूंचे फोटो, सगळं पिशवीत जागच्या जागी होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. घर चुकलेलं नव्हतं, असं उलट त्या नकाशावरून सिद्ध झालं असतं.

चांगुणाबाई अंगण सारवून हात धूत होती. बारीक, काटक बाई, कपाळावर गोंदण. मला बघून तिला आनंद झाला. मी तिला बाजूला घेऊन घाईघाईने समजावलं. ही खुर्ची, ही खाट, हे कपाट पाहून साहेब लिहितो की हिच्याकडे सगळं आहे. म्हणून घर नाकारलं गेलं. हे सगळं आत्ताच्या आत्ता परत पाठवा.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मग त्याला बसवू कुठं?"

"भुईवर. घोंगडीवर."

"परका मानूस. येवढा चढ चढून यायचा. त्याला घोंगडीवर बसवू? ती कुत्र्यानं फाडलेली हाय."

"तेच तर दिसू दे त्याला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग ती करुणाकडे वळली. "ह्या ताई शिकल्या-सवरल्या. तू सांग. तुझ्या आयनं केलं असतं?"

करुणाने ओढणीची फाटकी कड नीट केली. "नसतं केलं," ती म्हणाली. मग मला हळूच, "शैलाताई, मला नाही सांगता येणार तिला. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. पण मला नाही जमणार."

"मग मी साहेबांना सांगते. ते आले की लगेच."

"नाय," चांगुणाबाई म्हणाली. "मानूस दारात आला की त्याला कामाचं नाय बोलायचं. आधी जेवू दे. जेवल्याबिगर एक शब्द काढलात तर मी बाहेर जाऊन बसेन. साहेब तुमीच सांभाळा."

घराच्या मागून धूर येत होता. मी डोकावले. मागच्या भिंतीच्या टेकूला लागूनच चूल पेटवली होती. कुडाला मोठी भेग होती आणि तिच्यातून पलीकडचं शेत दिसत होतं. खाली तुसावर पिसं पडली होती.

आणि तेवढ्यात मोटरसायकल वाजली. साहेब ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी आले.

वयाने तरुण, घामाने भिजलेला माणूस. गाडी चढाखाली लावून चालत आला होता. त्याने फोन काढला, नाव विचारलं, आणि पाणी प्यायच्या आधीच फोटो घेतले. दरवाजा, आतली खोली, खाट, खुर्ची, कपाट, फॅन. प्रत्येक फोटोनंतर तो बोटाने काहीतरी दाबत होता. मी दाराशी उभी होते आणि त्याच्या बोटाकडे बघत होते. माझ्या जिभेवर शब्द आले होते. चांगुणाबाई हातात तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते.

"इथून पाठवता येतं का हे?" शेवटी मी विचारलं. हे कामाचं बोलणं धरलं जाईल की नाही याची मला खात्री नव्हती.

"नाही हो मॅडम. नेट कुठेय? वर चढावर गेलं की आपोआप जातं. इथे नुसतं गोल फिरत राहतं."

म्हणजे तो चढावर पोचेपर्यंत वेळ होता. मी इतकंच धरून ठेवलं.

तो निघायला लागला तर चांगुणाबाईने ताट पुढे केलं. नाचणीची भाकरी, कोंबडीचा रस्सा, कांदा. तो "नको, नको" म्हणाला, पण वास त्यालाही येत होता. खाली बसायला लागला तर पदीबाईने त्याला खुर्चीवर ढकललं. "भुईवर कसे? तुमच्यासाठी तर आनलीय." तो मनापासून जेवला. दोनदा रस्सा मागून घेतला. आम्हालाही वाढलं होतं. मी रस्सा घेतला, पण लक्ष साहेबाच्या फोनवर होतं.

जेवण झालं. तो हात धुऊन आला, तोवर चांगुणाबाईने खाटेवर उशी ठेवली होती. "घडीभर पडा. ऊन लय हाय."

"फॅन लावा जरा," तो म्हणाला.

पदीबाई म्हणाली, "लाइट नाय."

"गेलीय?"

"ह्या घरात आलीच नाय कंदी."

त्याने फॅनची वायर पाहिली. ती खाटेच्या पायाला गुंडाळून नीट गाठ मारलेली होती. तो लगेच झोपला नाही. जरा वेळाने त्याचा डोळा लागला.

मी चांगुणाबाईला म्हटलं, "आता जेवण झालं. आता बोलू?"

"झोपलेल्या मानसाला उठवनार?"

मी आणि करुणा अंगणात बसलो. सावली सरकत होती. मी मनात वाक्यं तयार करत होते आणि प्रत्येक वाक्यात ती बाई लबाड ठरत होती. दुसऱ्याच्या वस्तू आपल्या म्हणून मांडल्या. नाही, तसं नाही, पाहुण्यासाठी आणल्या. मग अर्जात असं का... मी ते खोडून पुन्हा पहिल्यापासून जुळवत होते. करुणा काडीने मातीत रेघा ओढत होती.

तेव्हा काठी टेकत एक म्हातारबा आला. त्याने दारातून आत पाहिलं, खाटेपाशी जाऊन उभा राहिला आणि काठीने खाटेच्या पायाला हळूच ठोकलं.

"साहेब, जरा उठता का? माजी खाट हाय. मना दुपारचं पडाय लागतं. कंबार गेली माजी."

साहेब दचकून उठला. "ही खाट तुमची?"

"मंग कोनाची? रात्री मी काय झाडावर निजतो?"

"बाबा, थोडं थांबला असतात," पदीबाई दारातून करवादली.

"लय थांबलो. जेवन झालं, झोप झाली. आता काय ह्याला जावाय करून घेऊ?"

बाहेर कोणीतरी हसलं. साहेब उभा राहिला. दोन माणसं आत आली आणि खाट उचलून घेऊन गेली. खाट निघाल्यावर पदीबाईने खुर्चीकडे पाहिलं. तिलाही घरी जायचं होतं, पाण्याची वेळ झाली होती. तिने साहेबाकडे पाहिलं, मग चांगुणाबाईकडे. "ही तरी राहू दे का?" ती पुटपुटली.

"ही खुर्चीपण तुमची?" साहेबाने पदीबाईला विचारलं.

"हां."

"कपाट?"

"त्या वरल्या घरचं."

तो चांगुणाबाईकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मग मावशी, ह्यात तुमचं काय आहे?"

ती भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासून जी बाई मला गप्प करत होती, ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. अख्खी वाडी दारात उभी होती. तिला असं उभं केलेलं मला बघवेना, आणि तरी हेच व्हावं म्हणून मी सकाळपासून धडपडत होते.

"चूल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आन् एक कोंबडी व्हती."

"कुठेय?"

"तुमी जेवलात नं आता."

ती हे कुत्सितपणे बोलली नव्हती. त्याने विचारलं, तिने सांगितलं. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि रुमाल परत ठेवायचा विसरून तसाच हातात धरून उभा राहिला.

मग मी बोलले. मागच्या शेऱ्याचं सांगितलं, वस्तू का आणतात ते सांगितलं. वाक्यं सगळी वेडीवाकडी आली. पिशवी उघडायची गरज पडली नाही. त्याने फोन काढला. ते गोल अजून फिरत होतं. "गेलेलं नाही," तो म्हणाला आणि एकेक फोटो काढून टाकायला लागला. प्रत्येक फोटोला फोन त्याला विचारत होता, नक्की काढायचा का? तो प्रत्येक वेळी हो म्हणत होता. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते.

"आता रिकाम्या घराचे घेतो. आणि मागची भिंत. मावशी, तुम्ही भिंतीपाशी उभ्या राहा."

"थांबा," चांगुणाबाई म्हणाली आणि आत गेली.

तिने तोंड धुतलं, केस विंचरले. दोरीवरचं चांगलं लुगडं नेसून आली. माझ्या मनात आलं की आता हे नको, जुनंच बरं होतं. करुणाने माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड बंद ठेवलं. चांगुणाबाई जरा भेगेपुढे सरकून, भेग झाकेल अशी उभी राहिली.

"थोडं इकडे, मावशी," साहेब म्हणाला. "भेग दिसू दे."

ती सरकली. पण पदर नीट करून आणि मान ताठ ठेवून.

साहेब निघाला तेव्हा आम्ही त्याच्याबरोबर चढापर्यंत गेलो. माथ्यावर त्याचा फोन वाजला. तो थांबला, बघितलं, म्हणाला, "गेले." मग खाली वाडीकडे बघत म्हणाला, "शेरा मी लिहीन. पण मंजुरी माझ्या हातात नाही, मॅडम. मी कंत्राटावर आहे. मागच्या वेळचा माणूसपण वाईट नव्हता हो. त्याने दिसलं ते लिहिलं."

परतीच्या वाटेवर चपलेची चिंधी टिकली. बदलापूरला चहा घेताना मी म्हटलं, "आपल्या अहवालात शिफारस घालू. तपासणी न कळवता व्हावी. म्हणजे असं सजवायला वेळच मिळणार नाही."

करुणाने कप खाली ठेवला. "न कळवता कुणाच्या घरी जायचं? आणि ती परक्या माणसासमोर काय ठेवेल? पाणीसुद्धा शेजारून आणावं लागतं तिला."

"मग काय लिहू?"

"लिहा, तपासणीला येणाऱ्याने आपला डबा आणावा."

ती थट्टा करत होती की नाही ते मला कळलं नाही. नाशिकला येऊन मी तेच लिहिलं. त्याशिवाय लिहिलं की घरात काय आहे एवढंच न विचारता ते कोणाचं आहे हेही विचारावं, आणि ते चारचौघांत विचारू नये. बैठकीत एक सहकारी म्हणाले, हे शिफारशीत कसं बसवायचं? मी म्हटलं, बसवा. इतकी वर्षं मी घराघरांत जाऊन वस्तू लिहून घेत आले. माझ्यासाठी किती घरांनी किती शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या असतील आणि मी त्या लिहून घेतल्या असतील, हे आता मला कधीच कळणार नाही. जुने गठ्ठे कपाटात आहेत.

मग वाट बघणं सुरू झालं. दर सोमवारी मी करुणाला फोन करायची आणि ती "अजून नाही" म्हणायची. ऊन वाढत गेलं. आंबे आले. मी वर्तमानपत्रात पावसाच्या अंदाजाची बातमी आधी वाचायला लागले.

परवा तिचाच फोन आला.

"शैलाताई, यादीत नाव लागलं."

मी खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याबरोबरच जोत्याचं काम पावसाआधी होईल का, टेकू तोवर राहील का, असं सगळं डोक्यात सुरू झालं.

"चांगुणाबाई काय म्हणाली?"

"रडली थोडी. मग कामाला लागली. बुधवारी पदीबाईकडे तपासणी आहे ना. तिचापण अर्ज आहे, लाल खुर्चीवालीचा. तिच्याकडे खुर्ची तेवढी स्वतःची आहे, बाकी सगळं चांगुणाबाईसारखंच."

"मग?"

"मग काय. वाडीत सारवण चाललंय. खाट म्हातारबा द्यायला तयार आहे, पण दुपारपर्यंतच म्हणतो. आणि कोंबडी कोणाची कापायची ते अजून ठरायचंय."

मी घड्याळ पाहिलं. मंगळवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट अजून मिळत होतं.